पहिल्याच वाक्यात

मल्लिकार्जुन बिराजदार सरांनी खुर्ची ओढली, घसा खाकरला, खिशातलं पेन काढून पुन्हा खिशात ठेवलं आणि समोर बसलेल्या बुद्धप्रियाकडे न बघता टेबलाशीच बोलायला सुरुवात केली.

"तर बाई... आपण इतकी वर्षं या शाळेची जी सेवा केलीत... म्हणजे शासनाचं धोरण असं आहे की... पट कमी झाल्यामुळं..."

"थांबा, सर," बुद्धप्रिया म्हणाली. "तुम्ही निरोप समारंभाचं भाषण करताय."

वर्गात हशा पिकला. मागच्या बाकांवरचे दोन मुख्याध्यापक तर डब्यावरचा हात काढून हसले.

रविवार होता. कॉलेजच्या वरच्या मजल्यावरची ही खोली दर रविवारी नोकरदारांच्या वर्गासाठी उघडायची. शैक्षणिक नेतृत्वाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम. आठवडाभर पोरांना 'बाकावर नीट बस' म्हणणारी माणसं रविवारी स्वतः त्याच मापाच्या बाकांवर गुडघे मोडून बसत आणि डुलक्या लपवत. शिकवायला ऋतुजा मॅडम. वयानं लहान, हुशार, आणि शाळा चालवण्याचा अनुभव शून्य. "लोका सांगे ब्रह्मज्ञान," असं बिराजदार सर पहिल्याच दिवशी कुजबुजले होते. पण गृहपाठ मात्र वेळेवर द्यायचे, तोही बुद्धप्रियाच्या वहीत डोकावून.

आज मॅडमनी फळ्यावर प्रसंग लिहून दिले होते. चिडलेले पालक, रोज उशिरा येणारा शिक्षक, अतिरिक्त ठरलेला शिक्षक. एकानं मुख्याध्यापक व्हायचं, दुसऱ्यानं समोरचा माणूस. बुद्धप्रियाला चिडलेले पालक घ्यायचे होते. त्यात अभिनयाला वाव होता. सर नेहमी सगळ्यात सोपं ते उचलायचे, पण आज ते म्हणाले, "अतिरिक्तचं घेऊ, बाई."

तिनं चमकून पाहिलं आणि मग तिच्या ध्यानात आलं. चंद्रिका.

दोघं एकाच शाळेतले. शहराच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या गल्ल्यांमध्ये त्यांची मराठी शाळा. सर तिथले मुख्याध्यापक, बुद्धप्रिया सर्वगोड इतिहासाच्या बाई. पूर्वी दोन्ही बाजूंनी मागांची खटखट इतकी असायची की शिकवायचं म्हणजे ओरडायचं. आता निम्म्या शेडना कुलपं होती, माणसं कुणी पुण्याला, कुणी भिवंडीला गेली होती, आणि जी राहिली त्यांची पोरं पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत जात होती. वर्गात आता हळू बोललं तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जायचं. बुद्धप्रियाला त्या शांततेचा राग यायचा.

पट घसरला की शाळेची पदं कमी होतात, आणि ज्याचं पद जातं तो शिक्षक 'अतिरिक्त' ठरतो. मग जिल्ह्यात कुठं जागा रिकामी असेल तिथं त्याची रवानगी. यंदा त्यांच्या शाळेतलं एक पद जाणार, हे दिवाळीपासून कानावर होतं. कागद याच आठवड्यात येणार होता. सगळ्यांत नवी चंद्रिका, गणिताची. जाणार तर तीच, असं सगळ्या शिक्षकखोलीनं मनोमन ठरवून टाकलं होतं. चंद्रिका डबा खायला आली की बाकीच्यांच्या गप्पा जरा जास्तच गोड व्हायच्या.

बुद्धप्रियालाही वाईट वाटायचं. पण खरं सांगायचं तर, वाईट वाटण्याच्या खाली एक सुटल्याचं समाधान होतं आणि ते तिला स्वतःलाच आवडत नव्हतं. तिचं सगळं ठरलेलं होतं. दोन वर्षांनी सर निवृत्त होतील. त्यांच्यानंतर सेवाज्येष्ठतेनं तीच. तोवर हा अभ्यासक्रम पुरा झाला की बोट ठेवायला कुणाला जागा नको. मग शाळेतली पोरं तिला नुसतं बाई म्हणणार नाहीत, 'मोठ्या बाई' म्हणतील.

"मग कसं सांगायचं ते तुम्हीच सांगा की," सर म्हणाले. त्यांच्या कपाळावर घाम होता. पंखा तर फिरत होता.

बुद्धप्रिया उठली. तिनं टेबलावरची पाण्याची बाटली उघडली, झाकणातच थोडं पाणी ओतून सरांपुढं सरकवलं.

"आधी पाणी द्यायचं. मग आपली खुर्ची टेबलाच्या या बाजूला आणायची. मध्ये टेबल नको." तिनं खुर्ची आणलीसुद्धा. "नाव घ्यायचं. 'आपण' नाही, 'सेवा' नाही. आणि सर, पहिल्याच वाक्यात सांगायचं. समोरची बाई पाणी पीत राहील, कारण तिला कळलेलं असतं. ती ग्लास खाली ठेवणारच नाही. तिची वाट बघायची नाही."

"एवढं एकदम? तोडून टाकल्यासारखं होईल की."

"लांबवलं तर जास्त तुटतं."

वर्ग आता हसत नव्हता. ऋतुजा मॅडम खडू हातात घेऊन उभ्या होत्या.

"आणि 'तुम्ही अतिरिक्त आहात' असं कधी म्हणू नका," बुद्धप्रिया म्हणाली. "माणूस अतिरिक्त नसतो. पद असतं. 'तुमचं पद अतिरिक्त ठरलंय' म्हणायचं."

मॅडमनी वळून ते वाक्य फळ्यावर लिहिलं. टाळ्या पडल्या. बिराजदार सरांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ते वहीत उतरवून घेत होते, परीक्षेत येणार असल्यासारखे, एकेक अक्षर दाबून.

जेवणाच्या सुट्टीत दोघं जिन्याजवळ बसले. तिनं त्यांच्या डब्यात शेंगाची चटणी वाढली. एरवी ते चटणीवर तुटून पडायचे. आज कडक भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिले.

"हे सगळं तुम्ही कुठं शिकला, बाई? पुस्तकात तर नाही."

ही गोष्ट बुद्धप्रिया सहसा सांगत नसे.

"माझे बाबा गिरणीत होते. गिरणी बंद झाली तेव्हा फाटकावर कागद चिकटवला होता, तोच काय तो निरोप. बाबांना ते घरी सांगता आलं नाही. रोज सकाळी आई डबा बांधायची आणि बाबा डबा घेऊन निघायचे. कंबर तलावाच्या काठावर बसायचे. संध्याकाळी रिकामा डबा घेऊन परत. भोंगा वाजायचा बंद झाला होता, सगळ्या गावाला ठाऊक होतं. आई मात्र म्हणायची, भोंगा बिघडलाय."

"मग?"

"मग एक दिवस मीच शाळेतून येताना त्यांना तिथं बघितलं. त्यांनीही मला बघितलं. घरी कुणीच काही बोललं नाही." तिनं डब्याचं झाकण लावलं. "मला त्यांचा राग गिरणी गेली म्हणून नव्हता आला, सर. बोलले नाहीत म्हणून आला होता. तो अजून गेला नाही, माणूस गेला तरी."

सर काहीतरी म्हणणार होते. ओठ हललेही. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि ते कानडीत बायकोशी बोलत जिना उतरून गेले.

निघताना ती त्यांना म्हणाली, "चंद्रिकाला सांगताना असंच सांगा. मी हवं तर बाहेर थांबते."

"बघू की," सर म्हणाले. स्कूटर दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा सुरू झाल्यावर त्यांनी तिच्याकडे मान न वळवताच हात केला.

सोमवारी पहिला तास संपला आणि सरांनी तिला ऑफिसात बोलावलं.

बुद्धप्रिया गेली ती चंद्रिकाच्या विचारातच. पोर रडली तर पदर कुणाचा ओला होणार, तर आपलाच, असा तिचा हिशोब होता. चंद्रिकाच्या नवऱ्याचा माग बंद पडला होता, घरात सासू अंथरुणाला खिळलेली. कुठं मंगळवेढ्याच्या पलीकडं जागा मिळाली तर रोज एसटीनं जाऊन येऊन तिचं कसं व्हायचं, हे ती जिना उतरताना मोजत होती.

ऑफिसात चंद्रिका नव्हती. सर एकटेच उभे होते.

"बसा की, बाई."

ती बसली. सर कोपऱ्यातल्या माठाकडे गेले. वर्षानुवर्षं त्या माठातलं पाणी शिपायानं दिलं तरच सर प्यायचे. आज त्यांनी स्वतः ओगराळं बुडवलं, ग्लास भरला आणि तिच्यापुढं ठेवला. ओगराळं माठाच्या काठाला लागून वाजलं.

बुद्धप्रिया ग्लासाकडे बघत राहिली.

मग सरांनी आपली मोठी, हातांची खुर्ची ओढली. खुर्चीचे पाय फरशीवर घासले. टेबलाला वळसा घालून ती खुर्ची त्यांनी अलीकडे आणली आणि तिच्यासमोर ठेवली. मध्ये टेबल राहिलं नाही.

बुद्धप्रियानं ग्लास उचलला आणि ओठाला लावला.

पाणी गार होतं. ती पीत राहिली. एवढ्याशा ग्लासात इतकं पाणी असतं हे तिला माहीत नव्हतं. बाहेर कुठल्यातरी वर्गात पाढे चालू होते, पोरांचा तेराच्या पाढ्यात नेहमीसारखा गोंधळ होत होता. सर थांबले. वाट बघायची नाही असं तिनंच सांगितलं होतं, तरी ते थांबले. ग्लास रिकामा झाला. तिनं तो खाली ठेवला नाही, नुसताच ओठाला लावून धरला.

"बुद्धप्रियाबाई," सर म्हणाले. "तुमचं पद अतिरिक्त ठरलंय."

तेरा नव्वे. पोरं तिथं अडकली होती.

"माझं कसं?" तिचा आवाज तिला ग्लासातून आल्यासारखा वाटला. "चंद्रिका सगळ्यांत नवी."

"गणिताला माणूस पाहिजेच. ते पद राहिलं." सरांनी खिशातलं पेन काढलं, परत ठेवलं. "मुख्याध्यापकाचं पद गेलं, बाई. पट त्या आकड्याच्या खाली आला. आता या शाळेला मुख्याध्यापक नाही. मग मला विषयशिक्षकात धरलं. माझा विषय इतिहास. इतिहासाचं पद एकच. मी तुमच्यापेक्षा जुना."

समजायला वेळ लागला असं नाही. ती इतिहासाची बाई होती, कार्यकारण तिच्या जिभेवर असायचं. वरची खुर्ची मोडली, वरचा माणूस खाली बसला, खालच्याला उठावं लागलं. पोरांनी उत्तरात असं लिहिलं असतं तर तिनं पूर्ण गुण दिले असते.

"म्हणजे मोठे सर..."

"कुणीच नाही. सह्या करायला तेवढा मी. बाकी उद्यापासून सातवीला शिवकाल शिकवायचा."

"माझ्या सातवीला."

"व्हय."

ज्या पदासाठी ती सगळे रविवार त्या बाकावर गुडघे मोडून बसली होती, ते पदच नव्हतं. आपल्याला मिळालं नाही, दुसऱ्याला मिळालं, असं असतं तर भांडता तरी आलं असतं.

"कागद कधी आला?"

सर फरशीकडे बघायला लागले. "शनिवारी."

"शनिवारी."

"तुम्हाला शनिवारीच सांगणार होतो. दोनदा वर्गाच्या दारापर्यंत येऊन गेलो. तुम्ही पोरांना हसवत होता." ते म्हणाले. "मला जमत नव्हतं, बाई. कसं सांगतात तेच येत नव्हतं."

तिला त्यांचा राग यायला हवा होता. आलाही. पण त्याच्याबरोबर दुसरंही काहीतरी आलं आणि ते रागाला धड उभं राहू देईना. या माणसानं आपल्याकडूनच आपली बातमी द्यायला शिकून घेतली. नीट शिकला. फक्त पाण्यापाशी चुकला, आणि ती चूक तिच्या बाजूनं होती.

"काल तुम्ही 'शासनाचं धोरण' म्हणाला होतात," ती म्हणाली. "आज नाही म्हणालात. चांगलं सांगितलं."

सरांनी डोळ्यांवरून हात फिरवला.

"उद्यापासून इथली हजेरी नाही. आदेश निघेपर्यंत शिक्षण विभागात जाऊन बसायचं. पगार चालू राहील. कुठं पाठवतील ते..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, "रविवारी याल ना?"

"पुढचा धडा कोणता आहे?"

"बदलाचं व्यवस्थापन."

बुद्धप्रियानं रिकामा ग्लास टेबलावर ठेवला आणि सातवीच्या तासाला गेली. चंद्रिका जिन्यात भेटली. उतरलेल्या तोंडानं तिनं विचारलं, "बाई, काही कळलं का?" बुद्धप्रियानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू राहिलीस," ती म्हणाली. पहिल्याच वाक्यात.

घरी पोचली तेव्हा उन्हं भिंतीवरून उतरत होती. नवरा रत्नदीप एसटीत वाहक, तो लांबच्या पाळीवर, परवापर्यंत यायचा नव्हता. आई येसूबाई दारात बसून ज्वारी निवडत होती. तिच्या मागच्या भिंतीवर बाबासाहेबांच्या तसबिरीखाली एक फोटो लावलेला होता. विहाराच्या कार्यक्रमाला महापालिकेतले एक मोठे साहेब आले होते, त्यांना आईच्या हातून फूल दिलं होतं, तो. आल्यागेल्याला आई तो फोटो दाखवायची.

वाटभर बुद्धप्रियानं ठरवलं होतं. बाबांसारखं करायचं नाही. एक दिवसही नाही.

तिनं चपला काढल्या. आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, आईपुढं ठेवलं. मग आईच्या समोर जमिनीवर मांडी घालून बसली. मधलं सूप बाजूला सरकवलं.

"आगं, काय ह्ये?" आई म्हणाली. "मला कशाला पानी? तूच दमून आलीयास."

"आई, मी अतिरिक्त ठरले."

'पद' म्हणायचं राहून गेलं. आईला पद काय कळणार, असं वाटून राहिलं की जिभेनंच गाळलं, देव जाणे.

येसूबाईचे हात थांबले. तिनं लेकीच्या तोंडाकडे पाहिलं, मग मागं वळून भिंतीकडे पाहिलं, मग पुन्हा लेकीकडे.

"अतिरिक्त?" तिनं शब्द जिभेवर घोळवून पाहिला. "म्हंजी ह्या सायबावानी?"

"कुठल्या?"

"ह्ये न्हाय का. इहारात आलतं ते. त्येंच्या गाडीवर बी लिवलं हुतं, तूच वाचून दावलं हुतंस मला. अतिरिक्त आयुक्त." आईचा चेहरा सुरकुत्यांतून वर उजळत गेला. "मोटी बाई हुनार, मोटी बाई हुनार म्हनत हुते मी. तू तर त्येच्या बी वर गेलीस की गं!"

बुद्धप्रियानं तोंड उघडलं. आता दुसरं वाक्य. दुसरं वाक्य काय असतं, ते तिनं कुणाला शिकवलं नव्हतं. वर्गात कुणी विचारलंही नव्हतं.

"आई, तसं नाही..."

"तसं न्हाय कसं? रविवार म्हनलं न्हाईस, सन म्हनलं न्हाईस, शिकत बसलीस. दादलं म्हनलं न्हाईस." आई गुडघ्यांवर हात टेकून उठली होती. आत डबे वाजले. ती आली ती साखरेची चिमूट घेऊनच, आणि लेकीच्या उघड्या तोंडात तिनं ती घातली. बोटांना ज्वारीचा वास होता. "तुजा बाप असता तर..." पदर डोळ्याला लावून ती तशीच उभी राहिली.

साखर विरघळायला वेळ लागला नाही. बुद्धप्रियानं ती गिळली.

पदर सोडून आई दारात गेली होती. समोरच्या निंगव्वाला हाका मारत होती. निंगव्वा कानडी, तिला अर्धं मराठी कळायचं, म्हणून आई तिच्याशी दुप्पट मोठ्यानं बोलायची.

"निंगव्वा, ए निंगव्वा! आमची बुद्धी अतिरिक्त झाली!"

"अंगंद्रे एनव्वा? म्हंजी काय?"

"म्हंजी लई मोटी! सायेब!"

बुद्धप्रिया जमिनीवरच बसून होती. पुढ्यात तांब्या तसाच भरलेला. तिला बाबा आठवले, तलावाच्या काठावर, मांडीवर डबा. इतकी वर्षं तिनं त्यांना फक्त लांबून, शाळेच्या वाटेवरून पाहिलं होतं. निघण्याआधी घरात काय झालं असेल, आई काय बोलली असेल, कसल्या आनंदानं डबा बांधत असेल, हे कधी तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आई हसत हसत परत आली. सूप पुढं ओढून बसली.

"उद्या डब्यात गोडाची पोळी देते," ती म्हणाली. "सगळ्यास्नी वाट. आन हापिसची येळ आता निराळी आसंल, व्हय? डबा कितीला लागंल?"

बुद्धप्रियानं सुपातले चार दाणे उचलले. त्यातला खडा बाजूला काढला.

"रोजच्याच वेळेला," ती म्हणाली.